नाक धुवायचं, पण कोणत्या पाण्याने?

सोयाबीनची मळणी उरकत आली, कपाशीची पहिली वेचणी घरात आली आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागलं, की वऱ्हाडात शिंकांचा हंगाम सुरू होतो. थ्रेशरभोवती उडणारं बारीक कुटार, जिनिंगच्या आवारातली कापसाची धूळ, पडीक जागांत माजलेलं गाजरगवत, उखडलेल्या रस्त्यांवरची माती, असा सगळा माल एकाच वेळी आपल्या नाकात जातो. मग घराघरांत ‘नाक चोंदलं’, ‘डोकं जड झालं’, ‘सायनस वाढला’ ही वाक्यं ऐकू येतात आणि त्यावर दोन ठरलेले सल्ले मिळतात. एक म्हणतो, जलनेती करा, सगळं जाईल. दुसरा म्हणतो, ते योगवाल्यांचं खूळ आहे, गोळी घ्या आणि झोपा. मला दोन्ही पटत नाहीत. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा स्वस्त, मर्यादित पण खरा उपाय आहे. तो उपयोगी पडेल की अंगाशी येईल हे लोट्याच्या धातूवर, आसनावर किंवा श्रद्धेवर ठरत नाही, पाण्यावर ठरतं. माझं आजचं सगळं बोलणं या एका विधानाभोवती आहे.

परंपरेपासून सुरुवात करू, कारण समर्थक आणि विरोधक दोघेही तिचाच हवाला देतात. ‘हठयोगप्रदीपिके’च्या दुसऱ्या उपदेशात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी सहा शुद्धिकर्मं सांगितली आहेत. पण तिथली नेती पाण्याची नाही, सुताची आहे. वीतभर सूत नाकातून घालून तोंडातून काढायचं. नाकाने पाणी ओढून तोंडाने सोडायची क्रिया ‘घेरंडसंहिते’त सापडते, तीही कपालभातीचा एक प्रकार म्हणून. तोटीच्या लोट्याने एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढणं, ज्याला आज आपण जलनेती म्हणतो, ते या ग्रंथांत जसंच्या तसं नाही. म्हणजे ही क्रिया काळाप्रमाणे बदलत आली आहे आणि पुढेही बदलायला तिची हरकत नसावी. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. इकडे अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे आणि 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. शरीराचं शिक्षण मोजूनमापून घ्यायचं असतं हे या गावाला वेगळं सांगायला नको. नाकाच्या बाबतीत मात्र ‘चिमूटभर मीठ, कोमट पाणी’ एवढ्यावर भागवलं जातं. चिमूट कोणाची, पाणी कुठलं, हे कोणी विचारत नाही.

नाकात घडतं काय ते पाहिलं, की मोजमाप का हवं ते कळतं. नाकाच्या अस्तरावर स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत असतात. अडकलेली धूळ आणि पराग ते हळूहळू घशाकडे ढकलतात. गालाच्या हाडातली सायनसची पोकळी तर अशी बांधलेली आहे, की तिचं तोंड तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे. आतला स्राव या तंतूंनी वर चढवून बाहेर काढायचा असतो. ॲलर्जीने किंवा सर्दीने अस्तर सुजलं की ते तोंड बुजतं, स्राव तुंबतो आणि डोकं जड होतं. नाक धुतल्यावर चिकट स्राव सैल होतो, त्यात अडकलेले पराग आणि सूज वाढवणारे पदार्थ वाहून जातात, तंतूंना पुन्हा काम करता येतं. पाणी सायनसच्या पोकळीत जाऊन तिला विसळतं अशी अनेकांची समजूत असते. शस्त्रक्रिया न झालेल्या नाकात ते तिथे फारसं पोचतच नाही. धुतला जातो तो मार्ग, आणि बहुतेकांना तेवढंच पुरतं. मीठ लागतं ते अस्तरासाठी. साधं पाणी नाकात गेलं की झोंबतं, हे पोहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलं, की पाण्याचा खारटपणा रक्ताच्या जवळ येतो आणि झोंबणं थांबतं. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा, सपाट.

आता पुराव्याकडे वळू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या 76 लोकांपैकी काहींना सहा महिने दोन टक्के मिठाच्या पाण्याने रोज नाक धुवायला सांगितलं. त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला, औषधंही कमी लागली. इंग्लंडमध्ये 2016 साली 871 रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा वाटावा, कारण त्यात नाक धुण्याबरोबर वाफ घेण्याचीही परीक्षा होती. नाक धुणाऱ्यांना थोडा फायदा झाला, वाफ घेणाऱ्यांच्या मुख्य तक्रारींत फरक पडला नाही. आपल्याकडे पातेलं, टॉवेल आणि निलगिरीचं तेल हा घरगुती उपचारांचा राजा आहे आणि त्या पातेल्याने पोळलेली मुलं दवाखान्यात येतात ती वेगळीच. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2016 च्या आढाव्यातून सर्वांत बोलकी गोष्ट पुढे आली. सुमारे 150 मिलिलिटर खाऱ्या पाण्याने रोज नाक धुतल्याचा काहीसा फायदा दिसला, तर 5 मिलिलिटर पाण्याच्या बारीक फवाऱ्याचा स्टिरॉइडच्या फवाऱ्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. हे धुणंच आहे, आणि धुवायला पाणी भरपूर लागतं. ॲलर्जीच्या सर्दीबाबत 2018 च्या आढाव्यात 14 अभ्यास आणि 747 लोक होते. तिथेही तीन महिन्यांपर्यंत लक्षणं कमी होण्याची शक्यता दिसली.

हा पुरावा भक्कम नाही, हा आक्षेप रास्त आहे. दोन्ही आढाव्यांनी स्वतःच त्याची प्रत कमी किंवा अतिशय कमी ठरवली आहे. नाकात खारं पाणी गेलं की गेलं, ते रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे खोट्या औषधाशी तुलना करणं अवघड होतं. पण पुरावा कच्चा असेल तर दावा लहान करायचा असतो, उपाय टाकून द्यायचा नसतो. विशेषतः उपाय जवळजवळ फुकट असेल आणि त्याचा सर्वसाधारण त्रास म्हणजे थोडी जळजळ किंवा कानात दडा, इतकाच असेल, तेव्हा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शिकेनेही दीर्घकालीन सायनसच्या दाहासाठी नाक धुण्याचा सल्ला दिला आहे, तो औषधांच्या जोडीने, त्यांच्या जागी नव्हे. दुसरा आक्षेप असा, की रोज धुतल्याने नाकातला संरक्षक स्राव निघून जातो. 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत असं मांडलं गेलं, की वर्षभर नाक धुणाऱ्यांनी ते थांबवल्यावर त्यांचे संसर्ग कमी झाले. तो अभ्यास लहान होता, त्याच्या बळावर सगळं उलटं करता येणार नाही. तरी त्यातली शंका मला निरर्थक वाटत नाही. त्रासाच्या हंगामात आणि धुळीचं काम करून आल्यावर धुवा. बारा महिने, तेरा काळ, निरोगी नाकाची पूजा करायचं कारण दिसत नाही.

मात्र सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याचा आहे आणि योगशिबिरांत त्याला अर्धं वाक्य मिळतं. 2011 साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोन जणांचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला. कारण होतं नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. गोड्या आणि कोमट पाण्यात तो वाढतो, 46 अंशांपर्यंतचं तापमान त्याला मानवतं. पोटात गेला तर काही होत नाही. नाकातून वर चढला तर गंधाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदूत जातो आणि मग फार थोडे वाचतात. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण वारंवार सापडले, कराचीतही सापडत आले आहेत. आजार अत्यंत दुर्मिळ आहे, घाबरून जावं असं काही नाही. पण आपल्याकडचं पाणी पाहा. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणातून येणारं पाणी घरात पोचलं, की टाक्यांत आणि ड्रमांत साठवलं जातं. साठलेल्या पाण्यातलं क्लोरीन दिवसागणिक उडत जातं आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात लावू देत नाही. पिण्यासाठी चालणारं पाणी नाकासाठी चालेलच असं नाही, कारण पोटात आम्ल आहे, नाकात नाही. म्हणून पाणी उकळायचं, उकळी आल्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. लोटा किंवा पिचकारीची बाटली रोज धुऊन कोरडी करायची.

खारपाणपट्ट्यात प्रश्न आणखी वेगळा होतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातल्या शेकडो गावांचं भूजल खारं आहे. तिथला माणूस सहज विचारेल, आमच्या विहिरीला देवानेच मीठ घातलंय, वेगळं कशाला घालू? पण ते मीठ मोजलेलं नाही. त्यात सोडियमबरोबर बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट असतात, कुठे नायट्रेटही, आणि त्यांचं प्रमाण विहिरीगणिक आणि ऋतूगणिक बदलतं. असं पाणी उकळलं तर जंतू मरतात, क्षार मात्र पाण्याबरोबर उडून जात नाहीत, उलट दाट होतात. दुसरीकडे आरओचं पाणी क्षारांतून सुटतं, पण गावातल्या आरओ केंद्रावरचा जार निर्जंतुक असतो असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तेव्हा या गावांत दोन्ही करावं लागेल: आरओचं पाणी आणायचं आणि तेच उकळायचं, मग त्यात मोजून मीठ टाकायचं. अर्ध्या लिटरला गॅस किती लागतो, याचा हिशोब कोणत्याही गृहिणीला विचारा.

नाक धुऊन न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. वाकडा पडदा पाण्याने सरळ होत नाही, नाकातले मस्से विरघळत नाहीत. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा फवारा दिला असेल, तर आधी नाक धुऊन मग तो मारावा, म्हणजे औषध शेंबडावर न पडता अस्तरावर पडतं. धुऊन झाल्यावर पुढे वाकून पाणी निथळू द्यावं आणि हलकेच शिंकरावं. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर केला, तर पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल, तेव्हा लोटा बाजूला ठेवावा. आणि मधुमेह्याच्या चेहऱ्यावर एका बाजूने सूज आली, गाल बधिर झाला, डोळा सुजला किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर नेती करत बसू नये. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, काय करतो ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. तिथे एक दिवसाचा उशीरही डोळ्यावर बेततो.

शेवटचा आक्षेप सामाजिक आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो: धूळ करणारा मोकळा आणि नाक धुवायचं मजुराने, हा कुठला न्याय? बार्सिलोना शहरात 1980 च्या दशकात अचानक एकाच दिवशी अनेक लोक दम्याच्या झटक्याने रुग्णालयात येत. अनेक वर्षं कोडं सुटेना. शेवटी लक्षात आलं, की ज्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई, त्याच दिवशी हे झटके येत. दाण्याच्या सालीची धूळ सायलोतून शहरावर पसरत होती. उपाय लोकांच्या नाकात सापडला नाही. सायलोला धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. आपल्या बाजार समित्यांच्या शेडमध्ये सोयाबीनच्या ढिगाऱ्यांवर चाळण्या चालतात आणि जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना तंतू उडतात, तिथे काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी जाऊन नाक धुवा असं सांगणं गैर नाही, तिला त्याने बरंच वाटेल. पण तिचं घर खारपाणपट्ट्यात असेल, तर धुण्यालायक पाणीही तिला विकत आणावं लागतं. धूळ ओढून घेणारे पंखे, तोंडाला चांगला मास्क आणि कामाच्या जागी उकळून ठेवलेलं पाणी, ही मागणी जिनिंगच्या मालकाकडे आणि बाजार समितीच्या सभापतीकडे करायची आहे, योगशिक्षकाकडे नाही.