टांगाईलचा जवान आणि आपण



सैनिकांविषयी बोलण्यास एका कामगार कार्यकर्त्याला का पाचारण केले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. शाळा आम्ही लवकर सोडली. जे शिकलो ते गेटवरच्या सभांत आणि फुकट वाचनालयात. तेव्हा विद्वानाचे भाषण आमच्याकडून होणार नाही. आपल्या एका चुकीची कबुली मात्र देता येईल.

तीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दारात आमची सभा होती. रखवालदाराने आम्हांस अडवले. ‘मालकाचा माणूस’ म्हणून आम्ही त्यांना चारचौघांत हिणवले. पुढे तेच गृहस्थ युनियनच्या कचेरीत आले. पाळी बारा तासांची, पगार आठ तासांचा! बोलता बोलता विचारले, “दादा, आधी कुठे होता?” म्हणाले, “पलटणीत. टांगाईलला उडी मारली होती.”

टांगाईल म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते. वाचले, तेव्हा मान खाली गेली.

1797 साली उभी राहिलेली ही मराठ्यांची एक जुनी पलटण. 1941 साली ती आफ्रिकेत, केरेनच्या डोंगरांत लढली. पुढे ती हवाई छत्रीधारी झाली आणि 1952 पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाऊ लागली. 11 डिसेंबर 1971 रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली ती आजच्या बांगलादेशात, टांगाईलजवळ, विमानांतून उतरली. उत्तरेकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट पूंगली पुलापाशी तोडायची, हे काम. सामान शेतांत, तळ्यांत विखुरले. तेव्हा गावचे शेतकरी धावून आले आणि त्यांनी गठ्ठे वाहून दिले. पूल हाती आला. 16 डिसेंबरला ढाक्यात सर्वांआधी शिरलेल्या भारतीय फौजेत ही पलटण होती.

छत्रीधारी पलटणीत कोणालाही सक्तीने पाठवत नाहीत. जवान आपण होऊन नाव देतो, कसोटीला उतरतो, मगच निवडला जातो. असा निवडक माणूस चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो, मुले शाळेत असतात, आणि तो कंत्राटदाराची काठी हातात घेऊन दारात उभा राहतो. 26 जानेवारीला आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो. 27 तारखेला त्याच्या जादा तासांचा हिशेब कोणी विचारत नाही.

त्यांचे पैसे आम्ही भांडून मिळवून दिले. पण त्यांची हकिकत लिहून घ्यायची राहिली. आज जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणत राहिलो आणि ते वारले. कागद वाळवीने खाल्ले होते, पदकाचा पत्ता नव्हता. पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. ते पदक मोडीत गेले की धातूबरोबर एका माणसाचा पुरावाही वितळतो. सेनापतींची नावे ग्रंथांत राहतात. पुलावर पालथा पडून राहिलेल्या शिपायाचे नाव त्याच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत असते.

कोणी म्हणेल, सेवाग्रामच्या शेजारी बसून युद्धाचे पोवाडे कशाला? आम्ही पोवाडा गात नाही. लढाईची खरी किंमत ज्याने मोजली, त्याच्याच तोंडून ती ऐकावी, एवढेच आमचे म्हणणे. त्याच्याइतका युद्धाचा कंटाळा आलेला माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही.

1953 साली 14 जानेवारीला जनरल करिअप्पा निवृत्त झाले. म्हणून तो दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाल-श्रीफळ जरूर द्या. पण सोबत एक वही न्या. नंबर, पलटण, साल, शेजारी कोण पडला, घरी पत्र कधी पोचले, हे विचारा. ऐकलेले कागदाशी ताडून पाहा, पदरचे काही घालू नका. आणि शेवटच्या पानावर लिहा: पेन्शनचा कोणता अर्ज अडला आहे? विधवेचे नाव कागदोपत्री बरोबर आहे का? मग ते पान घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्यासोबत जा.

1971 चे जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. एका म्हाताऱ्याच्या बाबतीत आम्हांस उशीर झाला. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत आपणांस तो होऊ नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.