एरंडेलापासून पॉलिऑल : शेतकऱ्याने काय जाणावे?



आज एरंडीबद्दल चार गोष्टी सांगतो. एरंडाचं गुऱ्हाळ लावणार नाही, कामाचं तेवढंच बोलतो.

मोटारीची गादी, चपलेचा तळ, शीतपेटीच्या भिंतीतला फोम, लाकडावरचा चकचकीत लेप या वस्तू पॉलियुरेथेनच्या असतात. पॉलियुरेथेन दोन द्रव्यांपासून बनतं. एक आयसोसायनेट, दुसरं पॉलिऑल. पॉलिऑल बहुधा खनिज तेलापासून काढतात, पण ते वनस्पती तेलापासूनही होतं.

सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजन पेरॉक्साइड व आम्लाची प्रक्रिया करून पुढे आणखी एक क्रिया करावी लागते, तेव्हा त्याचं पॉलिऑल होतं. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २००७ साली असा सोयाबीनचा फोम मोटारीच्या गाद्यांत वापरला. एरंडेलाचं मात्र वेगळं आहे. त्यात सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. आयसोसायनेटशी जोडणारा हायड्रॉक्सिल गट या आम्लात निसर्गतःच असतो. म्हणून शुद्ध केलेलं एरंडेल काही कामांना जसंच्या तसं पॉलिऑल म्हणून चालतं. ‘ओसाड गावात एरंड बळी’ म्हणतात, पण या बाजारात तो भरल्या गावातही बळी आहे. जगात सर्वात जास्त एरंडी भारतात पिकते, आणि त्यातली बहुतेक गुजरातेत.

आता आपलं काम काय? तेलात पाणी असलं तर आयसोसायनेट त्याच्याशी जुळतं, वायू सुटतो आणि लेपात बुडबुडे धरतात. ओल्या व फुटक्या बियांच्या तेलात आम्लताही वाढते. असं तेल शुद्ध करायला जादा खर्च येतो, आणि तो शेवटी तुमच्याच भावातून कापला जातो. म्हणून :

१. सगळे घड एकदम तोडू नका. जसजसे पिकून वाळतील तसतसे तोडा.
२. बोंडं ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या खळ्यावर कडक उन्हात वाळवा.
३. झोडपताना बी फुटू देऊ नका. फुटकं बी वेगळं काढा.
४. पूर्ण वाळलेलं बीच पोत्यात भरा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

दोन इशारे देतो. एरंडीच्या बियांत रायसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते पेंडीत उरतं. ही पेंड जनावरांना चुकूनही घालू नका, खत म्हणून शेतात टाका. बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. दुसरं, पॉलियुरेथेन बनवणं हे कारखान्याचं काम आहे. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला घातक असते, तेव्हा घरी प्रयोग नको.

आणि हिशेबाचं बोलायचं तर, केंद्राच्या किमान आधारभूत किंमतीच्या यादीत एरंडी नाही. भाव पडला तर सावरणारं कोणी नाही. कारखान्याची मागणी मोठी आहे एवढं ऐकून चांगलं पीक मोडू नका. बांधावर किंवा हलक्या जमिनीच्या तुकड्यावर सुरुवात करा. पेरण्याआधी दोन व्यापाऱ्यांना आणि जवळच्या तेल गिरणीला भाव व प्रतवारी विचारा. वाहतुकीचा खर्च वजा करून काय उरतं ते मांडा. वाणाची निवड तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या सल्ल्याने करा.