यादी कोण करतं?
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीतला कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला इथं बोलावलंय, आणि मी उभा राहून नियम, समित्या, अर्ज असलं काहीतरी बोलणार आहे. कुणाला जांभई आली तर त्यानं खुशाल द्यावी. पण ऐकून घ्यावं. कारण आपल्या जांभया चालू असतानाच आपली नावं याद्यांतून गळतात.

आमच्या चाळीच्या टोकाला एक खोली आहे. वाचनालय. माझ्या आज्याच्या पिढीनं गोदीच्या मजुरीतून वर्गणी काढून चालू केलं. दोन लाकडी कपाटं, एक बाक, बाबासाहेबांचा फोटो. वर्गणीची जुनी वही अजून आहे. तिच्यात आज्याचा अंगठा आहे आणि पुढच्या पानांवर बापाची सही आहे. अंगठ्यापासून सहीपर्यंतचा प्रवास ह्या एका खोलीत झाला. बाप म्हणायचा, "पोरा, खुर्चीवर पयल्यांदा बसलो तो हितंच."

गेल्या पावसाळ्यात छत गळलं. एक कपाट भिजलं. पुस्तकं आम्ही दोरीवर वाळत घातली, धुतल्या कपड्यांसारखी. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला सरकारी पैसा असतो, असं कानावर आलेलं. म्हणून आम्ही तिघं अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. साहेबानं अर्ज उघडलासुद्धा नाही. विचारलं, "हेरिटेजच्या यादीत नाव आहे?" नाही म्हणालो. "मग वास्तू कसली रे? खोली आहे ती."

त्यानं शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उत्तर द्यायला आपण शिकलोय. यादीला काय उत्तर द्यायचं ते मला येत नव्हतं. तेव्हा ठरवलं, ही यादी कोण करतं, पैसा कोण वाटतं आणि नाव नेमकं कुठल्या पायरीवर गळतं, ते शोधायचं.

कॉलेजात जाणाऱ्या एका दोस्तानं मला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा एक कायदा आणून दिला. सन २००० चा. पाळी सुटली की आम्ही दोघं रोज पानभर वाचायचो. तो डिक्शनरी उघडायचा, मी भांडायचो. तुम्ही म्हणाल, गोऱ्यांच्या गावातली भानगड आपल्याला कशाला? सांगतो.

तिथं गाव स्वतः मत टाकून ठरवतं की हा कायदा घ्यायचा का नाही. घेतला तर घरपट्टीवर जास्तीत जास्त तीन टक्के अधिभार बसतो. गरीब घरमालकाला त्यातून सूट देता येते. खरेदीखतांच्या नोंदणीवरच्या फीमधून राज्यही भर घालतं. ही झाली थैली. आता वाटप. दर वर्षीच्या पैशातले किमान दहा टक्के खुल्या जमिनीला, किमान दहा टक्के जुन्या वास्तूंना आणि किमान दहा टक्के परवडणाऱ्या घरांना, असं कायद्यानंच बांधून टाकलंय. उरलेलं कशावर घालायचं त्याची शिफारस समिती करते. समितीत पाच ते नऊ माणसं. त्यांत इतिहास मंडळाचा माणूस असतो, तसा गृहनिर्माण प्राधिकरणाचाही असतो. म्हणजे जुन्या दगडाचा वकील आणि बेघर माणसाचा वकील एकाच टेबलाला बसतात आणि एकाच थैलीवर भांडतात. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्याकडे दगड एका टेबलावर आणि माणूस दुसऱ्या टेबलावर. दोन्ही टेबलांवर आपण गैरहजर.

अर्ज आला की समिती तो कसा तपासते?

पहिला सवाल, हे काम कायद्यात बसतं का? वास्तू राज्याच्या यादीत असली पाहिजे, किंवा गावच्या इतिहास मंडळानं ठरवलं पाहिजे की गावाच्या इतिहासात, पुरातत्त्वात, वास्तुकलेत किंवा संस्कृतीत तिला महत्त्व आहे. दोस्तांनो, ह्या 'किंवा'पाशी मी रात्रभर थांबलो. यादीत नाव नाही म्हणून विषय संपत नाही. तिथून विषय सुरू होतो. 

दुसरा सवाल, ही भक्कम दुरुस्ती आहे का नुसती रोजची देखभाल? देखभालीला हा पैसा मिळत नाही. तिसरा सवाल, ह्या कामावर आधीपासून जो सरकारी खर्च होत होता तो काढून घेऊन त्याच्या जागी हा पैसा लावताय का? तसं करायला बंदी आहे. ह्या तिसऱ्या सवालाची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेले शेकडो कोटी रुपये तिकडे वळवले गेले होते.

मग खर्चाचा अंदाज, मालकी कुणाची, बाकीचा पैसा कुठून येणार, फायदा कुणाला, असे सवाल. गावाच्या गरजा काय ते ऐकायला समितीनं वर्षातून निदान एकदा जाहीर सुनावणी घ्यायची. शेवटी समिती शिफारस करते आणि गावसभा मत टाकते. लहान गावांत नोंदलेला कुठलाही मतदार उभा राहून बोलू शकतो, हात वर करू शकतो. घर भाड्याचं असलं तरी.

आता ह्यातली खरी मेख ऐका. गावसभा रक्कम कमी करू शकते, नाकारू शकते. पण वाढवू शकत नाही, आणि समितीनं शिफारस न केलेलं काम स्वतःहून घालू शकत नाही. म्हणजे ज्याचा अर्ज टेबलावर पोचलाच नाही, त्याच्यासाठी भर सभेत हजार हात वर झाले तरी दमडी मिळत नाही. निकाल हात वर करायच्या दिवशी लागत नाही, त्याच्या किती तरी आधी लागलेला असतो. आपण आयुष्यभर हात वर करायच्या दिवशीच जाऊन उभे राहतो. घोषणा देतो. घसा बसतो. यादी तर आधीच छापून झालेली असते.

ते गाव म्हणजे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. घरपट्टीवर अधिभार म्हटल्यावर ज्या गावात महागडी घरं, तिथं थैली मोठी. समितीही चुकते. ॲक्टन नावाच्या गावात चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांना ह्या निधीतून पैसे मंजूर झाले. त्या काचांवर धार्मिक चित्रं होती. गावातले काही करदाते कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं खिडक्यांचे ते पैसे रोखले. सांगायचं एवढंच की सवाल लिहिलेले होते म्हणून लोकांना समितीला पकडता आलं. न लिहिलेल्या मर्जीला कुठल्या कोर्टात पकडणार?

त्याच राज्यात बोस्टन शहरात काळ्या लोकांची एक विटांची सभागृहवजा इमारत आहे, १८०६ ची. मुख्यतः काळ्या कारागिरांच्या हातांनी उभी राहिलेली. १८३२ मध्ये गुलामगिरी मोडून काढायची संस्था तिथं स्थापन झाली. एकोणिसावं शतक संपता संपता ती इमारत काळ्यांच्या हातून गेली. आज ती दुरुस्त होऊन संग्रहालय म्हणून उभी आहे. राजवाड्यांशेजारी ठेवली तर साधी दिसेल. तिची किंमत तिथं काय बोललं गेलं त्याच्यात आहे.

आता आपल्या मुंबईत या. इथं १९९५ पासून वारसा जतनाचे नियम आहेत. वास्तूंच्या तीन श्रेण्या आहेत. समिती आहे. पण तिच्या हातात थैली नाही, ती महापालिका आयुक्तांना सल्ला देते. यादीतल्या वरच्या श्रेणीच्या वास्तूमुळे मालकाचा बांधकामाचा हक्क बुडाला तर त्याला टीडीआर मिळायची तरतूद आहे. मालकाला, भाडेकरूला नाही. समितीत वास्तुविशारद, इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार असे लोक असावेत असं नियम म्हणतात. चाळीतल्या माणसासाठी राखलेली खुर्ची मला त्यात दिसली नाही. पण त्याच नियमांत हेही आहे की वास्तूचं महत्त्व सांस्कृतिक असू शकतं, यादीत भर घालता येते, आणि त्यासाठी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. म्हणजे इथंही एक 'किंवा' आहे. आपण तो दरवाजा ढकलून बघितलेला नाही.

२०१८ मध्ये दक्षिण मुंबईतल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारशात गेल्या. चांगलं झालं. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, २५ जून २०१६ च्या पहाटे, दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना बुलडोझरनं पाडला गेला. बाबासाहेबांचा छापखाना! इमारत धोकादायक होती म्हणे. लोक रस्त्यावर उतरले, पण विटा पडल्यानंतर. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा ते त्या चाळीत राहणारे होते. चाळ म्हणजे नुसती खोली नसते, हे आणखी कुठल्या साहेबाला समजावू?

मी रोज गोदीत जातो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. शेकडो माणसं मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांना दर वर्षी मानवंदना देतात, दिलीच पाहिजे. पण ज्यांच्या पाठीवर ही गोदी चालत होती ते हमाल किती गेले, त्यांची नावं काय? कामावर जाता-येता मी बघत असतो. मला अजून तो दगड दिसलेला नाही. आणि आपण त्याच तारखेला, भीमजयंतीला, डीजे लावून नाचतो. नाचा. पण एक तास बसून ती नावं शोधा की रे.

मी आता काय करतोय ते सांगतो आणि थांबतो. आमच्या वाचनालयाचा अर्ज आम्ही नव्यानं लिहिलाय. त्या परदेशी समितीचे सवाल स्वतःलाच विचारून. हे कुणाच्या इतिहासात महत्त्वाचं आहे? पुरावा काय? जागा कुणाची? छताला खर्च किती? फायदा किती पोरांना? पुराव्यादाखल वर्गणीच्या वहीची नक्कल जोडलीय. चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांचे जबाब लिहून घेतलेत. एक आजी म्हणाली, "माझं नाव कशाला लिवतो? मी तर निस्ता झाडू मारायची तिथं." मी म्हटलं, आजी, तेच लिहायचंय.

चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. नव्या टॉवरच्या नकाशात वाचनालय नाही. नकाशा पक्का व्हायच्या आत अर्ज टेबलावर पोचला पाहिजे, पोच घेतली पाहिजे, शिक्का-तारखेसकट. पुन्हा "खोली आहे ती" म्हणाले तर ते त्यांच्याकडून लेखी घेणार आहे.

तुमच्या वस्तीतही अशी एखादी खोली असेल. विहार असेल, तालीम असेल, जलशाची पेटी ठेवलेला माळा असेल. घरी गेल्यावर पहिलं काम, म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून काढा. यादी आपण करायची. मग ती घेऊन त्यांच्या यादीसमोर उभं राहायचं.

जयभीम.