एका वाटणीची किंमत

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



स्पेनच्या इतिहासाचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा एकाच संदर्भात. इ. स. ७११ मध्ये अरब-बर्बर सैन्याने तो देश जिंकला आणि १४९२ मध्ये ग्रॅनाडा घेऊन तेथील ख्रिस्ती राजांनी तो परत मिळविला. जवळजवळ आठशे वर्षांचा हा लढा आपण प्रेरणेसाठी सांगतो. परंतु आठशे वर्षे का लागली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

मुळात ७११ चा पराभवही गादीच्या वादाने पोखरलेल्या राज्याचा होता. विटिझा राजाच्या मृत्यूनंतर रॉडेरिक सिंहासनावर आला. पण त्याचे राजेपद सर्वांना मान्य नव्हते. शत्रू दाराशी आला तेव्हा घर आधीच दुभंगलेले होते.

पुढे चित्र पालटले. १०३१ मध्ये कोर्दोबाची खिलाफत कोसळली आणि तिच्या जागी लहान लहान मुसलमानी राज्ये उभी राहिली. उत्तरेतील ख्रिस्ती राजे त्यांच्याकडून खंडणी वसूल करू लागले. संधी समोर चालून आली होती. अशा वेळी कॅस्टील आणि लेऑनचा राजा फर्नांदो पहिला याने काय केले? एखाद्या गृहस्थाने शेतजमीन वाटावी तसे त्याने राज्य तीन पुत्रांत वाटले! थोरल्या सांचोला कॅस्टील, मधल्या अल्फोन्सोला लेऑन, धाकट्या गार्सियाला गॅलिसिया. १०६५ मध्ये पित्याने डोळे मिटले आणि भाऊबंदकीला तोंड फुटले.

१०७१ मध्ये दोघा थोरल्यांनी मिळून धाकट्याचे राज्य गिळले. १०७२ च्या जानेवारीत सांचोने अल्फोन्सोचा पराभव करून त्याला देशोधडीला लावले. या परागंदा ख्रिस्ती राजाला आश्रय कोणी दिला? टोलेडोच्या मुसलमान राजाने, अल-मामूनने! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सांचो झामोऱ्याला वेढा घालून बसला असता मारेकऱ्याच्या हातून ठार झाला. अल्फोन्सो परतला, सर्व राज्याचा धनी झाला आणि १०७३ मध्ये गार्सियाला त्याने कैदेत टाकले. गार्सिया १०९० मध्ये बंदिवासातच मेला. आणि ज्या टोलेडोने आश्रय दिला होता, तेच नगर अल्फोन्सोने १०८५ मध्ये जिंकले. धर्मबंधुत्व आणि उपकार या दोहोंपेक्षा सिंहासन मोठे ठरले.

दुसऱ्या बाजूची कथा वेगळी नाही. टोलेडो पडताच भयभीत मुसलमान राजांनी मोरोक्कोतून युसूफ इब्न ताशफीनला पाचारण केले. १०८६ मध्ये त्याने अल्फोन्सोचा दारुण पराभव केला खरा. पण पुढे त्याने आपल्या यजमानांचीच राज्ये खालसा केली. सेव्हिलचा राजा अल-मुतमिद मोरोक्कोत कैदी म्हणून मेला. घरच्या भांडणात बाहेरचा पंच बोलाविणाऱ्याचे हेच होते.

या कलहाचा एक धागा थेट आपल्या दाराशी येतो. अल्फोन्सोची कन्या तेरेसा आणि जावई हेन्री यांच्याकडे पोर्तुगालची जहागीर होती. हेन्रीच्या मृत्यूनंतर तेरेसा कारभार पाहू लागली. ११२८ मध्ये तिच्याच मुलाने, अफोन्सो हेन्रिक्सने, सांव मामेदेच्या लढाईत आईच्या पक्षाचा पराभव केला. पुढे त्याने राजपद धारण केले आणि ११४३ मध्ये त्याच्या मावसभावाला, लेऑन-कॅस्टीलच्या राजाला, ते मान्य करावे लागले. मायलेकांच्या या झगड्यातून स्वतंत्र झालेल्या राज्यानेच १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत सोडला नाही.

आता एकीचे फळ पाहा. ११९५ मध्ये आलार्कोस येथे कॅस्टीलचा पराभव होताच लेऑन आणि नवारेच्या ख्रिस्ती राजांनी त्या घायाळ राज्याचे लचके तोडले. परंतु १२१२ मध्ये कॅस्टील, अरागॉन आणि नवारेचे राजे एकत्र आले आणि त्यांनी लास नावास दे तोलोसा येथे विजय मिळविला. १२३० मध्ये कॅस्टील आणि लेऑन कायमचे एक झाले. १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिल हाती आले. शतकानुशतके रेंगाळलेले काम अठरा वर्षांत झाले! पुढे इसाबेला आणि फर्नांदो यांच्या विवाहाने कॅस्टील व अरागॉन जोडले गेले. त्याच सुमारास ग्रॅनाड्यात बाप, मुलगा आणि चुलता एकमेकांशी लढत होते. निकाल काय लागला, हे सांगावयास नको.

पण येथेच थांबलो तर आपण अर्धाच धडा घेतला असे होईल. विजेत्यांनी एकता म्हणजे एकसारखेपणा असे मानले. १४९२ मध्येच ज्यूंना देशाबाहेर घालविले. शरण आलेल्या ग्रॅनाड्याला दिलेले धर्मस्वातंत्र्याचे वचन दहा वर्षेही टिकले नाही. स्पेनमधून हद्दपार होऊन पोर्तुगालला गेलेल्या अशाच एका ज्यू दांपत्याचा पुत्र गार्सिया द ओर्ता वैद्य म्हणून गोव्यात आला. आपल्या वनौषधींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. त्याच काळी कोकणातील बेने इस्रायली समाज शनिवार पाळून तेलाचे घाणे सुखाने चालवीत होता.

बंधुभगिनींनो, राज्य ही राजघराण्याची वाटून घेण्याची मिळकत नव्हे आणि राष्ट्र म्हणजे एका साच्यातून काढलेली माणसे नव्हेत. पहिली चूक फर्नांदो पहिल्याने केली, दुसरी त्याच्या विजयी वंशजांनी. आपण दोन्ही टाळल्या पाहिजेत, इतकेच सांगून माझे भाषण संपवितो.