नोंदवही कोणाची?



माझे शिक्षण कारखान्यात आणि वाचनालयात झाले. विद्यापीठाची पदवी माझ्यापाशी नाही. मग संशोधकांनी आपल्या मूळ नोंदी, म्हणजे ज्याला आज डेटा म्हणतात तो, दुसऱ्या शास्त्राच्या लोकांना द्याव्यात की नाही, हे सांगणारा मी कोण? उत्तर सोपे आहे. त्या नोंदींत पुष्कळदा आम्ही कामगारच असतो!

एक उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भागात पाइपांना, बॉयलरांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टन चढविणारे कामगार होते. आज या ठेकेदाराकडे काम, उद्या त्या. अशा कामगाराचा सबंध हिशेब एका मालकाच्या दफ्तरात सापडणार कसा? शिवाय जो आजारी पडतो त्याचे नाव मस्टरवरून जाते. उरलेल्या धडधाकटांनाच मोजले, तर धंदा निर्धोकच दिसणार. पण युनियनच्या दफ्तरी सभासदांची यादी होती.

ती यादी युनियनने डॉ. सेलिकॉफ यांना पाहू दिली. त्यांच्या जोडीला रोगनिदानशास्त्रज्ञ चर्ग आणि संख्याशास्त्रज्ञ हॅमंड होते. १९४३ पूर्वी धंद्यात आलेल्या ६३२ कामगारांचा त्यांनी १९६२ पर्यंत मागोवा घेतला आणि १९६४ साली निष्कर्ष छापला. फुफ्फुसाच्या किंवा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने ६.६ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले होते.

आता पाहा, डॉक्टराला रोगी दिसतो, रोगनिदानशास्त्रज्ञाला पेशी दिसतात, संख्याशास्त्रज्ञाला प्रमाण दिसते आणि युनियनच्या कारकुनाला नावे दिसतात. मरणाचे कारण मात्र चौघे एकत्र बसले तेव्हाच दिसले.

मग विद्वान आपल्या वह्या झाकून का ठेवतात? पहिले कारण श्रेयाचे. मान निबंधाला मिळतो, नोंदी जमविणाऱ्याला मिळत नाही. पण प्रथिनांच्या रचनांचा सामाईक संग्रह १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. पुढे लाखो रचना जमल्या, त्यांवर संगणक शिकले, आणि प्रथिनांची रचना आधीच वर्तविणाऱ्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हजारो हातांनी भरलेली ही कणगी आहे. तेव्हा नोंदी देणाऱ्याचे नावही निबंधात आले पाहिजे. कामाचा मोबदला हा आमचा जुना आग्रह येथेही लागू आहे.

दुसरे कारण भाषेचे. वहीत नुसते ‘वर्ष’ लिहिले, तर ते जन्माचे की कामाला लागल्याचे? ॲस्बेस्टॉसचा कर्करोग बहुधा वीस-वीस वर्षांनी, त्याहूनही उशिरा प्रकट होतो. तेथे हा एक शब्द संदिग्ध राहिला, तर सारे गणित कोसळते. म्हणून २०१६ साली शास्त्रज्ञांनी चार कसोट्या मांडल्या: नोंदी सापडाव्यात, मिळाव्यात, इतरांच्या नोंदींशी जुळाव्यात आणि पुन्हा वापरता याव्यात.

तिसरी अडचण मी अडचण मानत नाही, तो हक्क मानतो. कामगाराचा आजार त्याच्या नावानिशी चव्हाट्यावर येता कामा नये. उद्या तीच नोंद दाखवून त्याला कामावरून काढले तर? वाटणी म्हणजे उधळण नव्हे. नाव झाका, अटी घाला, पण कुलूप लावून किल्ली हरवू नका.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांविषयी आदेश दिला, की प्रत्येकाची आरोग्यनोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी. उत्तम! पण जपलेली नोंद कपाटात पडून राहिली तर तिच्यावर वाळवीच पोसली जाणार. ती डॉक्टरापाशी, संख्याशास्त्रज्ञापाशी पोहोचली पाहिजे, आणि जे कळले ते कामगाराला त्याच्या भाषेत परत सांगितले पाहिजे.

विद्यापीठांना माझे एवढेच मागणे आहे: आमची माहिती घ्या, आपसांत वाटून घ्या, पण निष्कर्षाच्या वेळी आम्हांलाही पंक्तीला बसवा.