राखणीचे ओझे कोणी वाहावे?
(मंडळाच्या सभेतील भाषण)



गावाकडचे कोणी भेटले की आपण प्रथम पाऊसपाण्याची चौकशी करतो. अलीकडे तिच्याबरोबर रानजनावरांची हकीकतही ऐकावी लागते. विदर्भात रानडुकरे आणि रोही तूर-हरभऱ्याचा फडशा पाडतात. कोकणात वानर नारळ-केळींवर उतरतात. २००२ साली कर्नाटकातून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हत्ती आले आणि तिलारी खोऱ्यातील बागायतदारांपुढे नवे संकट उभे राहिले.

हत्ती माड आडवा करून त्याचा कोवळा गाभा खातो. सरकारी भरपाई हाती आली तरी नवे झाड फळास येण्यास पाच-सात वर्षे जातात. ती वर्षे कोणत्या पंचनाम्यात लिहावयाची? पीक हाती येईपर्यंत रात्ररात्र जागल करणाऱ्याची झोपही कोणी मोजत नाही, आणि दिवसाचे काम तर त्याला चुकत नाही.

म्हणून जनावरांना वैरी मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक प्राण्यांना अभय दिले, हे योग्यच झाले. परंतु त्या संरक्षणाची किंमत एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने मोजावी, हा न्याय नव्हे. असहाय होऊन कुंपणात वीज सोडली जाते, तेव्हा वाघही मरतो आणि माणूसही. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात धरले जाईल, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र विमा हा नुकसान झाल्यानंतरचा उपाय आहे.

आपण दूर राहणाऱ्यांचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. जमीन पडीक राहिली की तिच्यावर झाडोरा माजतो, त्यात रानडुकरांना आसरा मिळतो, आणि रात्री ती शेजारच्या उभ्या पिकात शिरतात. आपली शेती कसणे आपल्याला शक्य नसेल, तर ती कसणाऱ्याच्या हाती रीतसर करार करून द्यावी. निदान बांधालगतचा झाडोरा दरवर्षी काढवून घ्यावा. सामाईक कुंपणाची वर्गणी निघाली, तर आपला वाटा न मागता पाठवावा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण एवढे केले, तरी गावच्या शेजाऱ्याच्या जागलीच्या काही रात्री कमी होतील.