पात्राचं घरातलं स्थान

(रेवदंडा येथील कार्यकर्त्या-शिबिरातील भाषण)



शिबिरात आपण भूमिकानाट्य घेतो. 'तू सासू हो, तू सून हो' असं पटकन वाटून टाकतो. त्या बाईचं घरात स्थान काय, हे ठरवतच नाही. मग सून रडते, सासू ओरडते, आणि आपण सगळ्या हसून चहाला उठतो.

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवण्याचे खेळ अमेरिकेत निघाले. त्यांतल्या १९७७ सालच्या 'ट्रॅव्हलर' या खेळात ताकद, बुद्धी, शिक्षण यांच्याबरोबर पात्राचं सामाजिक स्थानही दोन फाशांवर ठरतं. दोन पडले तर अगदी तळाला, बारा पडले तर उमराव. पुढे नोकरीच्या काळात ते थोडं वरखाली होतं. जन्म कुणी निवडत नाही, हे फासा भाषणापेक्षा लवकर पटवतो. म्हणून ही युक्ती घ्यावी, पण आपल्या बाईसाठी एक दान पुरत नाही. लग्नात तिचं दान पुन्हा पडतं, मूल झालं की पुन्हा, नवरा गेला की पुन्हा. आणि टाकणारा हात तिचा नसतो!

समजा, पात्र इथल्या कोळीवाड्यातलं आहे. मासळी ती विकते, पैसे तिच्या हातात येतात. मग विचारा, होडी कुणाच्या नावावर? घरपट्टी कुणाच्या नावे येते? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली जाते, पण ती शिधापत्रिकेपुरती.

आता तिची नणंद घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. खेळात तो कागद खरोखर टेबलावर ठेवा. सही केली नाही तर माहेरपण तुटेल का, हे भाऊ झालेलीने सांगायचं. सही करायची की नाही, हे मात्र नणंद झालेलीनेच ठरवायचं. तिथे फासा नको.

जातीची चिठ्ठी काढावी का, यावर आपल्यात वाद आहे. माझ्या मते काढावी. मात्र एखादीच्या वाट्याला तिचीच जात आली, तर चिठ्ठी बदलून घ्यायची मुभा तिला आधीच सांगून ठेवा.